कोनफळाचे वेढे

आमच्या सीताआत्याने आयुष्यात कधी कुणाला विचारून काही केलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. आमटीत कोकम किती, दारातलं जास्वंद कधी छाटायचं, जावयाला काय बोलायचं, सगळं तिचं तीच ठरवणार. माझा नवरा सुहास म्हणतो, ‘तुझी आत्या म्हणजे बिनखात्याची मंत्री.’ माझे वडील गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं झाली, ती आमच्याकडे आहे. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याला, आणि आवाज असा की वाडीच्या वरच्या टोकाला बोलली तर खाली पाली-रत्नागिरी रस्त्यावर एसटीची वाट बघणारा माणूस मागे वळून बघेल.

तिचं लग्न संगमेश्वरला झालं होतं. नवरा शाळेत शिपाई. सहा वर्षांत तो गेला, मूलबाळ नव्हतं, आत्या एक पिशवी घेऊन माहेरी आली. मग कुणाच्या आंब्याच्या बागेत झाडलोट, कुठे चिरे वाहणं, कुठे कापणी. पैसे असायचे तेव्हा तांदूळ, नसायचे तेव्हा गडगा. गडगा म्हणजे शेताभोवतीची दगडांची कुंपणभिंत, आमच्याकडे गावोगावी असते. शेत ज्याचं त्याचं. पण गडग्यात आपोआप उगवलेल्या वेलाखालचा कांद कुणाचा नसतो, असं तिची आई, म्हणजे माझी आजी, म्हणायची. आमच्या लोकांना त्या काळी दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवायची सोय नव्हती, गडग्याला मात्र कुणी हटकत नसे. आजीने आत्याला सात वर्षांची असताना पहार दिली आणि गडग्यावरचे वेल शिकवले.

हे वेल मोठे लबाड असतात हो. पावसाळ्यात बघाल तर सगळ्यांची पानं हृदयाच्या आकाराची, शिरा देठापासून टोकापर्यंत वाकत गेलेल्या, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. कुणाच्या पानाच्या बगलेत बटाट्यासारखे करांदे लटकतात, कुणाच्या नाही. नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. आणि पाऊस सरला, थंडी पडली की पानं पिवळी होऊन गळतात, वेल मरतो. वर राहते ती फक्त सुकलेली काडी, झुडपाला गुंडाळलेली. कांद मात्र खाली जमिनीत ठणठणीत असतो, पुढच्या मिरगाला परत फुटायला. काढायची वेळ नेमकी तीच. म्हणजे पान नाही, फूल नाही, काही नाही, आणि तुम्ही ओळखायचं की खाली गोड कोनफळ आहे का कडू कांद.

आत्या ओळखायची वेढ्यावरून. कोनफळाची काडी झुडपाला एका बाजूने वेढे घालत चढते, कडू कांदाची दुसऱ्या बाजूने. आपण समोर उभे राहिलो तर कोनफळाचा वेढा उजवीकडे वर जातो, कडूचा डावीकडे. गेली हजार वर्षं हे वेल असंच करत असणार, एकदाही चुकत नाहीत. कडू कांदही खाता येतो, पण त्याचे काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, पाणी ओतायचं, परत उकडायचं. नुसता मीठ घालून खाल्लात तर घसा सोलून निघेल आणि पोटातलं सगळं बाहेर येईल. आत्याने ते आयुष्यभर केलं. तिच्या हातचा कांद खाऊन कुणाला साधी ढेकर वाईट आली नाही.

गेल्या डिसेंबरात काय झालं, रत्नागिरीत कंद महोत्सव ठरला. जानेवारीत. बचत गटांना स्टॉल. आमच्या वाडीतल्या संघमित्रा गटाची अध्यक्ष राजश्री, ती आधी प्रशिक्षणाला जाऊन आली. आली ती तोऱ्यातच. म्हणाली, ‘रेणुकाताई, आपण खातो ते सगळं डायोस्कोरिया असतं. एकच कुळ. शहरात लोक तुटून पडतात याच्यावर.’ मला हसू आलं. जे खातो म्हणून शाळेत पोरी आम्हाला चिडवायच्या, त्याच्यावर आता लोक तुटून पडणार. आत्याला सांगितलं तर म्हणाली, ‘पडूदेत. हाडं मोडतील.’

पण मनातून खूश झाली होती. पहिल्यांदाच कुणीतरी तिला ‘शिकवा’ म्हणून आलं होतं. गटातल्या निम्म्या बायका मुंबईहून लग्न होऊन आलेल्या, त्यांना बाजारातलं जांभळं कोनफळ तेवढं ठाऊक. गडग्यातलं पांढरं त्यांनी कधी बघितलेलं नाही. आत्या दिवसभर सगळ्यांबरोबर हिंडू शकत नव्हती, गुडघे धरतात. तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हटलं, आत्याचा व्हिडिओ काढू, गटाच्या ग्रुपवर टाकू, सगळ्याजणी बघून आपापल्या गडग्यावर ओळखतील. मी रत्नागिरीत एका ऑफिसात लिपिक आहे, दिवसभर फायली हलवते, त्यामुळे मला वाटतं की मला सगळ्यातलं कळतं.

रविवारी सकाळी आम्ही घरामागच्या गडग्याशी गेलो. आत्याने दोन्ही काड्या निवडल्या. मी मोबाइल धरला, तर म्हणते, ‘मी दिसते का बघूदे की.’ मग मी स्वतःकडचा, सेल्फीचा कॅमेरा लावला, म्हणजे तिलाही स्क्रीनवर दिसेल. आणि खरं सांगायचं तर मी नवीन साडी नेसले होते, मलाही दिसायचं होतं. म्हणून मीही शेजारी उभी राहिले. हात लांब करून मोबाइल धरलाय, एका बाजूला मी दात काढतेय, दुसऱ्या बाजूला आत्या गंभीरपणे बोट फिरवतेय: ‘ही बघा, ही अशी चढते, ही खायाची. आणि ही अशी चढते, हिला राखेबिगर हात लावायचा न्हाय. समाजलंव काय?’ दोन मिनिटांत झालं. ग्रुपवर टाकला. अठ्ठावीस अंगठे आले.

महोत्सवाच्या तीन दिवस आधी गटाने कांद खणले. राजश्रीच्या घरी मोठं पातेलं चढलं. आत्याला त्या दिवशी ताप होता आणि मी ऑफिसात. बायकांनी व्हिडिओ लावून, काडी काडीशी मिळवून, ‘खायाचे’ तेवढे वेगळे काढले, मीठ घालून उकडले आणि चव बघायला बसल्या. पहिला घास गटातल्या वेदिकाने खाल्ला, कारण तिला भूक लागली होती. पहिला कुठला, तिने अख्खी फोड संपवली. बाकीच्यांची जीभ चुरचुरली म्हणून त्यांनी थुंकलं. वेदिकाला अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. रात्रभर सलाइन. तिचं दीड वर्षाचं पोर सासूजवळ रडत होतं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, वाचली म्हणायची. माझी तर फोनवर ऐकूनच पाचावर धारण बसली होती.

संध्याकाळी राजश्री आमच्या अंगणात. नेहमीचं ‘जय भीम’सुद्धा तिने घाईत उरकलं. मोबाइल आत्यासमोर धरला आणि उरलेल्या कांदाबरोबर खणून आणलेली काडी शेजारी धरली.

‘आत्या, तुम्ही दाखवली तीच ही काडी की नाही? बघा. तुम्हीच सांगताय, ही खायाची.’

आत्याने बघितलं. मीही बघितलं. व्हिडिओत आत्या ‘खायाची’ म्हणून दाखवते ती काडी डावीकडे चढत होती, आणि राजश्रीच्या हातातली काडीही डावीकडे. हुबेहूब. आत्या म्हणाली, ‘परत लाव.’ तीनदा लावला. तिसऱ्यांदा तिने स्वतःचा हात डोळ्यासमोर धरला आणि बोट हवेत फिरवलं. एकदा असं, एकदा तसं. मग थांबली.

‘ही तर कडवी हाय,’ ती म्हणाली. ‘मी हिला खायाची सांगितली?’

‘सांगितलीत ना, आवाज ऐकू येतोय!’ राजश्री म्हणाली.

मी काय करायला हवं होतं? मी तिथे होते ना त्या दिवशी! पण काडी कुठल्या बाजूला चढत होती याकडे माझं लक्ष कुठे होतं, मी साडीच्या निऱ्या बघत होते. आत्या चुकेल हे मनाला पटेना, आणि डोळ्याला तर दिसतंय की चुकली. त्या गोंधळात माझ्या तोंडून निघालं, ‘अगं आत्या, आठवत नसेल तर सांगायचं होतंस! लोकांच्या जिवाशी खेळ झाला हा.’ उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. राजश्रीच्या समोर म्हटलं मी हे. आत्या आतमध्ये गेली, आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने वेदिकाच्या घरी जाऊन तिच्या सासूसमोर हात जोडून आली. हे मला दोन दिवसांनी कळलं.

गटाने स्टॉलवर नाचणीचे लाडू ठेवले. कंद महोत्सवात नाचणीचे लाडू, काय बोलणार. वाडीत कुजबुज सुरू झाली की सीताआत्याचं डोकं आता चालत नाही. आणि खरंच चालेनासं झालं हो. आमटीत कोकम घालताना मला हाक मारायला लागली, ‘रेणू, दोन घालू का तीन?’ चुलीवर दूध ठेवलं की तिथून हलायची नाही, ठेवलंय हे विसरेन म्हणून. मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बिचारे चांगले. त्यांनी वार विचारला, तो चुकली. पण वार तिला कधीच माहीत नसायचा, हे मी त्यांना सांगितलं. मग ते म्हणाले, ‘आजी, उजवा हात वर करा.’ आत्या दोन्ही हातांकडे बघत बसली. मिनिटभर तरी. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘मोबाइलात मी डाव्या हातानं दाखवत हुते गो. मी डावरी कधी झाले?’

मला तेव्हाही कळलं नाही. गाढवासारखी मान हलवली आणि म्हटलं, ‘राहूदे गं, होतं वयात.’ डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज सकाळी एक. त्या ती नेमाने घ्यायची.

फेब्रुवारीत माझ्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न. तीच साडी नेसावी का, म्हणून मी तो व्हिडिओ काढून बघितला. आत्यासाठी नाही, माझ्यासाठी. बरी दिसतेय म्हटलं. आणि मग बघते तर माझा पदर उजव्या खांद्यावर! आता मी काय गुजराती बाई आहे? जन्मात कधी उजव्या खांद्यावर पदर घेतला नाही. आत्याचाही उजव्या खांद्यावर. माझ्या गालावरचा तीळ या गालाचा त्या गालावर. मी मनस्वीला, माझ्या लेकीला, एवढ्या जोरात हाक मारली की ती आंघोळ अर्धी टाकून आली.

तिने बघितलं आणि सहज म्हणाली, ‘आरशासारखं सेव्ह झालंय ते. सेटिंग आहे. तूच नाही का सांगितलंस दिवाळीत, माझा भांग फोटोत उलटा दिसतो, ते नीट करून दे? मी ते चालू करून दिलं.’

मी पलंगावर बसले. म्हणजे आत्या चुकली नव्हती. तिने उजवीकडे चढणारी काडी दाखवली होती, माझ्या मोबाइलने ती डावीकडे चढवली. माझ्या भांगापायी वेदिका सलाइनवर गेली. आणि मी, मी स्वतः, आत्याला म्हटलं, लोकांच्या जिवाशी खेळ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

तरी खात्री करायला मी चपला न घालताच गडग्याकडे पळाले. कोनफळाची काडी अजून तिथे होती. अलीकडून बघितली, उजवीकडे चढतेय. गडगा ओलांडून पलीकडून बघितली, तरी उजवीकडेच. खाली वाकून बघितली, वर चढून बघितली. मी मध्येच गोंधळले, माझा उजवा का तिचा उजवा, परत अलीकडे आले, परत पलीकडे. शेजारचे बाळाकाका म्हणाले, ‘काय हरवलंय काय गो?’ कुठूनही बघा, वेल आपली बाजू बदलत नाही. मोबाइल समोर धरला तेव्हाच फक्त बदलला.

त्याच दुपारी ग्रुपवर मी सगळं लिहिलं. चूक माझी, आत्याची नाही, वेदिकाची माफी मागते. वेदिकाने लिहिलं, ‘जाऊदे ताई.’ राजश्रीने लिहिलं, ‘होतं असं कधीकधी.’ झालं. चार अंगठे आले, संपलं प्रकरण. मग वेदिकाच्या घरी गेले, तिच्या सासूच्या दोन शब्दांना माझी ना नव्हती, ऐकून घेतले आणि घरी येऊन आत्यासमोर बसले.

‘आत्या, तू चुकली नव्हतीस.’

तिने सगळं ऐकलं. मी व्हिडिओ दाखवला, पदर दाखवला, तीळ दाखवला. आरसा आणून तिच्यासमोर धरला. म्हटलं, बघ, आरशात डाव्याचं उजवं होतं. ती आरशात बघत राहिली. ‘आरशात मी मना बरोबर दिसते,’ म्हणाली. मी परत समजावलं. समजावता समजावता माझंच डावं उजवं झालं, आणि मी अडखळले तशी ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, ‘रेणू, माझ्या समाधानासाठी बोलतेस ते कळतंय मना. पण मशीन कशाला खोटं दाखवेल बाय? त्याला काय म्हातारपण येतंय?’

मी रडलेच मग. ओरडले पण. ‘अगं मशीन नाही गं, मी! मी खोटं दाखवलं!’ ती मलाच पदराने पुसत होती, जशी काही माझीच काहीतरी समजूत घालायची आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. म्हटलं, बोलून काही होत नाही. तिचा हात धरला आणि गडग्याशी नेली. ‘सांग, यातलं कोनफळ कुठलं?’ ती मान हलवायला लागली. ‘मना नको विचारूस.’ मी म्हटलं, ‘डोळे मीट. बघू नकोस. नुसती काडी धर.’ तिने डोळे मिटले. आंगठा आणि बोट काडीवरून सावकाश वर नेलं. मला माहीत नव्हतं, तेव्हा कळलं, कोनफळाची काडी चौधारी असते, सुकली तरी कडा बोटाला लागतात. कडूची गोल. तिचा हात दुसऱ्या काडीवर गेला, परत आला, आणि पहिल्या काडीवर थांबला. ‘ही,’ ती म्हणाली. आवाजात जुनी आत्या होती. लगेच डोळे उघडले आणि हात मागे घेतला. ‘नको गो. असंल किंवा नसंल.’

मी खणलं. कमरेचा काटा ढिला झाला, तेव्हा कुठे कोनफळ निघालं, माझ्या कोपराएवढं लांब, आत पांढरं शुभ्र. मी आनंदाने नाचायची बाकी होते. ‘बघितलंस? बघितलंस की नाही?’ ती बघत होती. तिने नखाने साल खरवडून वास घेतला, जिभेला लावून बघितलं, आणि तरी तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

घरी येऊन मी ते उकडलं. राख नाही, काही नाही, नुसतं मीठ. दोन ताटल्यांत फोडी घेतल्या, एक तिच्यासमोर, एक माझ्यासमोर. मनाशी ठरवलं होतं, तिच्यादेखत मी पोटभर खाईन, म्हणजे तिला कळेल. मी फोड उचलली, तोंडाशी नेली, आणि आत्याने माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. माझी फोड काढून घेतली, ताटलीत ठेवली, ताटली आपल्याकडे ओढली.

‘तुला मनस्वी हाय,’ ती म्हणाली. ‘आधी मी खाते. तासाभरात मना काय न्हाय झालं तर तू खा.’

‘आत्या, अगं काही होणार नाही. तूच निवडलीस ती.’

‘म्हणूनच,’ ती म्हणाली.

तिने अख्खी फोड खाल्ली, नीट चावून, पाणी न पिता. मग भिंतीला टेकून बसली, हात गळ्यावर ठेवला, आणि आपल्याला काय होतंय ते बघत राहिली. मी समोर बसून होते.